पुढच्या डाव्या चाकाचा ताप

प्रिय डॉक्टरीणबाई,

कॉलेजात मी तुला हे नाव ठेवलं तेव्हा तुला मांजरीला साधी गोळी देता येत नव्हती. आता तू खरीखुरी गुरांची डॉक्टर झालीस, आणि मी मधेच सरांशी वाद घालून दार आपटून निघालो तो थेट या गॅरेजात येऊन थांबलो. त्या दाराचा आवाज आमच्या घरात अजून घुमतोय. बाबा जेवताना मला ‘आमटी वाढ’ म्हणायलासुद्धा आईला मधे घालतात.

म्हणून त्या दिवशी तुझ्या मामाची जुनी जीप घेऊन तू फाटकातून आत आलीस, तसा मी समोरच्या ट्रकखाली शिरलो. काय कामसू पोरगा, असं वाटलं असेल तुला! मला फक्त तोंड लपवायचं होतं. पण पाय बाहेर राहिले आणि तू बुटाच्या न बांधलेल्या नाडीवरून मला ओळखलंस. वर बजावलंस, “गाडी बघ, बाकी काही बघू नकोस.” गॅरेजचे मालक तेव्हापासून मला हेच ऐकवतात.

तक्रार तू नेमकी सांगितली होतीस. निघताना गाडी बरी असते, चार-सहादा ब्रेक मारला की जड होते, पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही आणि डावीकडे ओढते. डोंगरापलीकडच्या दवाखान्यात तू रुजू होणार, तिथे बरेच दिवस डॉक्टर नाही, अडलेल्या गाई तशाच तडफडतात, हेही सांगितलंस. त्या घाटाच्या उतारावर तुला असल्या ब्रेकवर कोण सोडणार?

पण मी ऐकतोय कुठला! हातोडा घेतला आणि चारी चाकं उघडून बसलो. स्प्रिंगा बदलल्या, चाक आतून दाबून धरणारे ब्रेक-शू घासले, त्यांच्यावरचे ड्रम ठोकले. सगळं जोडून गाडी फिरवली, तर पुन्हा तेच. मी पाना भिरकावला. मालक म्हणाले, “भिरकाव, भिरकाव. घाबरून पानाच सांगेल काय झालंय ते.” तू मात्र स्टुलावर चहा फुंकत बसली होतीस. म्हणालीस, “गाय लंगडली की आम्ही चारी पाय सोलून बघत नाही रे. आधी चालवतो. मग हात लावून बघतो, कुठलं खूर तापलंय.”

अस्सा राग आला होता! तरी चडफडत गाडी फिरवून आणली आणि एकेका ड्रमला हात लावत गेलो. तीन चाकं कोमट. पुढच्या डाव्याला तळवा टेकवला आणि बोंबललो. तू धावत आलीस, हात फक्त जवळ न्यायचा असतो म्हणून मला झापलंस, आणि पिशवीतून मलम काढलंस. “गाईच्या सडांचं आहे, तुला चालून जाईल.” भेटेल तो विचारतो, कॉलेज का सोडलंस. तू एवढंच विचारलंस, अजून आग होतेय का. त्यासाठी तुझे आभार कसे मानायचे, ते मला अजून सुचलेलं नाही.

पुढचं सोपं होतं. ते चाक जॅकवर उचललं, हाताने फिरवलं, हलेना. ब्रेकचं ऑइल सोडायचं निपल जरा सैल केलं, तर ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक गरकन फिरलं. म्हणजे शूचा दोष नव्हता, दाबच आत कोंडला होता. त्या चाकाकडे जाणारा रबरी पाइप काढून चिरला. बाहेरून ठणठणीत, आतून पार सुजलेला. पायाच्या जोराने ऑइल आत घुसायचं, पण परतीची वाट बंद. मी तो चिरलेला पाइप उजेडाकडे धरला. कुणी माझाच एक्स-रे काढून दिल्यासारखं वाटलं. हसू नकोस. काल रात्री बाबांना मीच म्हणालो, आमटी वाढू का. ते हो म्हणाले.

आता हे पत्र कशाला, ते सांगतो. मागवलेला नवा पाइप आज एकदाचा आला, बसला, ब्रेकमधली हवा काढून झाली, गाडी दुपारीच तयार झाली. संध्याकाळी तू रोजच्यासारखी येशील आणि विचारशील, “झाली का?” त्या दोन शब्दांसाठी मी रोज चारपासून हात घासत बसतो. मालक म्हणाले, “सांग ना, पाइप अजून आला नाही म्हणून. आणखी चार दिवस येईल बिचारी.” ते थट्टा करत होते. मी खरंच विचार केला. तू समोर उभी राहिलीस तर माझ्या तोंडून तेच निघेल, म्हणून किल्लीसोबत हे सीटवर ठेवून मी बाहेर पडतोय. मलमाची डबी तेवढी ठेवून घेतली आहे. तू नीघ, तिकडे गाई अडल्यात. पहिल्या हलक्या उतारावर ब्रेक दाबून गाडी थांबव, मग पाय काढ. ती आपली आपण पुढे सरकली, तर समज, मी नीट सोडलंय.

तुझाच,
न बांधलेल्या नाडीचा