उपवास आणि साठ किलोचा गट

आई, उपवासाच्या दिवशी तू नेमकं काय खायचीस? इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कधी पडला नाही, आता बॉक्सिंगमुळे पडला. हो, बॉक्सिंग. चाळिशीला टेकलेली तुझी लेक कोपरखैरण्यात एका सोसायटीच्या तळमजल्यावर हातांना पट्ट्या गुंडाळून बॅगेवर ठोसे मारते. डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हणून रोज चालायला सांगितलं होतं. चालताना त्या जिमचं दार उघडं दिसलं, आत डोकावले आणि तिथलीच झाले. उद्या माझी पहिली लढत आहे. नवशिक्यांचीच, पण रिंगमध्ये, पंचांसमोर. माझ्यासारख्याच एका नवख्या बाईशी साठ किलोच्या गटात खेळायचं ठरलं होतं आणि काटा काही साठाच्या खाली यायला तयार नव्हता.

वजन उतरवायचं म्हटल्यावर मला एकच गोष्ट ठाऊक, उपवास. तू गेल्यापासून तुझ्या नावाने संकष्टी धरतेच. तिला सोमवार जोडला, मग शनिवार. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, दुपारी चहाबरोबर बटाट्याचा कीस. महिन्याने काट्यावर उभी राहिले तर वजन वाढलेलं! वर दोरीच्या उड्या मारताना डोळ्यांपुढे अंधारी आली ती वेगळीच. भिंत धरून खाली बसले. आमची कोच माझ्यापेक्षा बरीच लहान, पण बोलायला अगदी तुझ्यासारखी फटकळ. "ताई, सकाळपासून काय खाल्लं?" मी सांगितलं तर ती हसतच सुटली. "हा उपास नाय, ही पार्टी झाली. साबुदाणा, बटाटा, तूप. यात ताकद कुठून येणार?" मग मात्र गंभीर होऊन म्हणाली, "भाकरी खा, मुगाची उसळ खा, दही, अंडं चालत असेल तर अंडं. प्रॅक्टिसच्या आधी एक केळं. पाणी तोडायचं नाय. वजन हळूहळू उतरतं. नाय उतरलं तर वरच्या गटात खेळा, टेन्शन नाय. पण परत चक्कर आली तर मी रिंगमध्ये सोडणार नाय." एकादशी, दुप्पट खाशी हे लहानपणापासून ऐकत आले, ते माझ्याचबद्दल असेल असं वाटलं नव्हतं.

त्या दिवसापासून तू डोक्यातून जाईनास. तुर्भ्याच्या ज्या कारखान्याच्या कँटीनमध्ये तू स्वयंपाकाला होतीस, तिथे एकदा सुट्टीत मला घेऊन गेली होतीस. सोमवार होता. तू पदर खोचून आमटीचं भलंमोठं पातेलं एका बाजूने धरतेस, दुसऱ्या बाजूने तुझ्याबरोबर तिथेच कामाला असलेली मावशी, आणि दोघी ते शेगडीवरून अलगद खाली ठेवता. मी बघतच राहते. बाबा अजून सगळ्यांना सांगतात, "हिची आई कडक उपास करून पातेली उचलायची." आपल्या घरात ती जवळजवळ आरतीच आहे. आम्हाला खिचडी वाढून तू "माझं झालं" म्हणायचीस आणि कुणी पुढे विचारायचं नाही. पण दहावीत मी बारीक व्हायचं म्हणून ताट सरकवलं तेव्हा तूच डाफरली होतीस, "उपाशी ऱ्हाऊन कुनी बारीक व्हत न्हाई, नुसतं किरकिरं व्हतं. जेव गप." मग तुला स्वतःला ते कसं जमत होतं? मला तर दोरीसुद्धा झेपली नाही.

शेवटी काल मावशीला फोन लावला. ती फिस्सकन हसली. "कसला उपास गं? भांड्यांच्या खोलीत बसून डाळ-भाकरी हानायचो आमी दोघी. वर कांदा. तुझी आय म्हनायची, पातेलं काय देव उचलायला येनार न्हाई, मलाच उचलायचंय. फकस्त घरी बोलू नको म्हनली. सासू हाय, नवरा हाय, कशाला उगा बोभाटा."

आई, मला हसू आलं आणि मग खूप रडू आलं. मी तुला देव्हाऱ्यात बसवलं होतं आणि तू तिकडे कांदा फोडत होतीस! कोण वाढायचं गं? हसायचात का दोघी? देवाची भीती वाटायची की फक्त आजीची? तुझी ही बाजू मला कुणी आधी दाखवली असती तर मी तुझ्यावर आणखी जीव टाकला असता.

सकाळी कोचला कळवलं, मी वरच्या गटात खेळते. तिथली मुलगी माझ्यापेक्षा उंच आहे, हात लांब आहेत. उद्या बहुतेक मार खाईन. भीती वाटते, पण अंधारी येणार नाही एवढं नक्की. हे पत्र पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही, आणि घरातही ठेवता येणार नाही. बाबांच्या हाती लागलं तर या वयात त्यांची आरती बंद पडेल. ते आत्ता गणपतीच्या देवळात गेलेत. आज संकष्टी आहे, चंद्र उगवायला अजून बराच वेळ आहे आणि मी जेवले. भाकरी, मुगाची उसळ, कांदा. पोटभर. घरात मी एकटीच होते, तरी ताट वाढून घेण्याआधी दाराला आतून कडी घातली.