पारूआजींसोबत फाटकाशी

१२ नोव्हें., बुध.
दुपारपाळी. पाय लय दुखतायत. वृद्धाश्रमात नव्या आलेल्या पारूआजी आटपाडीकडच्या, जन्म मेंढरांमागं गेला. सगळं विसरल्या, पण दिवस कलला की एकच धोशा, "मेंढरं वाघरीत कोंडली का?" वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी. आश्रमाच्या मॅडमचं म्हणणं, खोडून काढायचं नाही, त्यांच्या जगात जायचं. गेले बाई! अंगणात उभं राहून हुर्र हुर्र केलं, मग म्हटलं, कोंडली. खूश झाल्या, भाकरी जेवल्या. घरच्यांनी बघितलं तर मलाच इथं भरती करतील.

१४, शुक्र.
घोळ घातला मी. मेंढरं कोंडून झाल्यावर आजी म्हणाल्या, "आन् धनी?" नवरा वारून कैक वर्षं झाली. माझ्या तोंडून निघून गेलं, "येत्यात मागनं." झालं! उठल्या नि फाटकाशी जाऊन बसल्या. ताटाला हात नाही. "मानूस यायच्या आत बाई जेवती व्हय?"

१५, शनि.
आजही तेच. दिवसभरात नुसता चहा. माझ्या जोडीची रेखा म्हणाली, "तूच घोळ घातलास, तूच निस्तर." बरोबरच आहे म्हणा. मॅडमना विचारलं, खरं सांगू का? म्हणाल्या, रोज नव्यानं रडतील. मग करू काय? ते नाही सांगितलं. मेढ्याहून आईचा फोन. उचलला नाही. बोलायला अंगात काही उरतच नाही.

१७, सोम.
आजी वाळत चालल्यात. दादाचा फोन : शिरवळच्या कंपनीत जागा आहे, गुरुवारी तुझी सुट्टी आहे तर सामान घेऊनच ये. डब्यांना लेबलं लावायची. डबे कुणाची वाट बघत नाहीत. जावंसं वाटतंय. खरंच वाटतंय.

१८, मंगळ.
आज समजावलं नाही, नुसती शेजारी बसले. विचारलं, "आवं आजी, धनी कसं हुतं?" हसल्या! "लय तापट. पर कोकरू दमलं की खांद्यावर घ्यायचे." बोलण्याच्या नादात माझ्या हातनं अर्धी भाकरी पोटात गेली. चूळ भरली नि परत रस्त्याकडं तोंड.
बाथरूममध्ये जाऊन रडले. कशासाठी, काय माहीत.

१९, बुध.
उद्या शिरवळ. मॅडमना सांगितलेलं नाही. रेखाला आजींजवळ बसवून बघितलं, तर ताट बाजूला सारलं. शेवटी मीच. घास भरवताना आजी माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.
"पोरी, माझं मानूस तरी येनार हाय. तू कुनाची वाट बघत बसतीस गं?"
दुसरा घास पुढं केला. बॅग भरायला काढलीय, तशीच पडलीय.