टॉवरवरून गेलेला आवाज

यॅकिमा, वॉशिंग्टन
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय बाबा,

सप्रेम जयभीम. तुमची तब्येत बरी असेल, आईचे गुडघे कसे आहेत? मी ठीक आहे. सध्या सुट्टीवर आहे आणि पुढच्या महिन्यात नागपूरला येते आहे. फोनवर आई शेजारीच बसलेली असते, तिच्यासमोर सगळं बोलता येत नाही. म्हणून लिहिते.

तुम्ही मागे विचारलं होतं, स्पॅनिश चॅनेलमध्ये तुझं काय काम? दूरदर्शनच्या टॉवरवर तुम्ही जे केलंत, तेच. डोंगरावरचा ट्रान्समीटर चालू ठेवायचा. फक्त इथला डोंगर बोडका आहे आणि खाली खोरंभर सफरचंदाच्या बागा आहेत.

हे चॅनेल डॉन अर्नुल्फोंनी सुरू केलं. डॉन म्हणजे आपल्याकडचं 'राव' समजा. ते मेक्सिकोहून सफरचंदं तोडायला आले होते. तीसएक वर्षांपूर्वी टायरच्या दुकानामागे एक खोली घेतली आणि बायकोच्या, टेरेसाच्या हातात कॅमेरा दिला. सकाळी बागेतल्या कामाची माहिती, दंव पडणार का, कुणाचा कुत्रा हरवला. शनिवारी मजूर धुतलेले शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर उभे राहायचे आणि गावाकडच्या आईशी बोलायचे. ती कॅसेट टेरेसा पोस्टाने मेक्सिकोला पाठवायची. मी स्पॅनिश शिकले ती या दोघांच्या स्वयंपाकघरात. डॉन मला 'मिहा' म्हणायचे, म्हणजे पोरी.

गेल्या वर्षी त्यांनी चॅनेल टेक्सासच्या एका कंपनीला विकलं. कंपनीने स्टुडिओ बंद केला. आता तिकडचा एक माणूस बऱ्याच गावांच्या बातम्या एकदमच वाचतो. आमच्या खोऱ्याचं नावही त्याला नीट घेता येत नाही. इथे उरले मी एकटी.

ऑगस्टमध्ये पश्चिमेच्या डोंगरात वणवा लागला. तो तुम्ही बातम्यांत पाहिला असेल. दुपारी वारा फिरला आणि आग बागांकडे वळली. घरं सोडा, असा मेसेज आला, पण इंग्रजीतून. मग तिकडचे मोबाईलचे टॉवरही बंद पडायला लागले. मजुरांच्या वस्त्यांवर ॲन्टेनाचे टीव्ही तेवढे चालू होते, आणि आमच्या चॅनेलवर स्वयंपाकाची स्पर्धा लागली होती.

मी टेक्सासला फोन केला. "मला मध्ये सूचना द्यायची आहे. माणसं अडकतील."

"लीगलला विचारावं लागेल. तोवर कशाला हात लावू नकोस."

टॉवरखालच्या खोलीत जाऊन वायर बदलली, तर इथून बोलता येणार होतं. पण माझं स्पॅनिश ऐकून कोण घर सोडणार? त्यांना ओळखीचा आवाज हवा होता.

डॉन अर्नुल्फो ट्रक घेऊन आले. आम्ही डोंगरावर गेलो, मी वायर बदलली आणि त्यांच्या हातात माइक दिला. पडद्यावर चित्र नव्हतं, नुसता काळा पडदा आणि त्यांचा आवाज. एकेका वस्तीचं नाव घेऊन ते सांगत होते, या रस्त्याने जाऊ नका, कालव्याच्या बाजूने निघा, म्हाताऱ्यांना आधी गाडीत बसवा. खोलीत धूर भरत होता. मी ओला टॉवेल दिला, तो त्यांनी बाजूला ठेवला. टॉवेल तोंडावर धरला तर बोलणार कसं?

"चला आता," मी म्हटलं. "रस्ता बंद होईल."

"वरच्या वस्तीचं सांगायचं राहिलंय, मिहा. एकदाच सांगतो."

ते त्यांनी तीनदा सांगितलं. मग त्यांचा हात छातीवर गेला.

ट्रक मी चालवला. दोन्ही बाजूंनी गवत पेटलं होतं, काच तापून तिला हात लावता येत नव्हता. ते शेजारी डोकं टेकून बसले होते. हॉस्पिटल येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलत राहिले. कधीपासून एकटीच बोलत होते, ते मला कळलं नाही.

वस्त्यांवरची सगळी माणसं वाचली, बाबा. वरच्या वस्तीवरचीसुद्धा.

आठवड्याने कंपनीचा राजीव आला. आईवडील ठाण्याचे, जन्म इथलाच. अगदी गोड बोलला. "दीक्षा, एक स्टेटमेंट साइन कर. ते काका परमिशन न घेता आत घुसले आणि त्यांनी ब्रॉडकास्ट टेकओव्हर केला. दॅट्स इट. तुझा जॉब सेफ, व्हिसा सेफ."

"हे खोटं आहे."

"पण काकांना आता काय फरक पडतो?"

मी वेळ मागितला. होय बाबा, लगेच नाही म्हटलं नाही. घरी येऊन तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. मग टेरेसाकडे गेले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सही कर, मिहा. तो रागावणार नाही."

ती असं म्हणाली, म्हणूनच माझ्याने सही झाली नाही.

तेव्हा ही सुट्टी म्हणजे सुट्टी नाही. मला काढून टाकलं आहे. नोकरी गेली की व्हिसा जातो, म्हणून नागपूरला येते आहे. आईला आनंद झाला आहे, तो मोडणं माझ्या जिवावर येतं.

पण हेही सगळं नाही. डॉन अर्नुल्फो आपणहून आले, असं इथे सगळे समजतात. पेपरात तसंच आलं, आणि मी ते खोडून काढलं नाही. त्या दुपारी त्यांना फोन मी केला होता. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं मला माहीत होतं, तरी केला. सही नाकारताना राजीवला हे मी सांगितलं, पण टेरेसाला सांगण्याची हिंमत झाली नाही.

उद्या चर्चच्या हॉलमध्ये त्यांच्यासाठी सभा आहे. वस्त्यांवरची माणसं येणार आहेत. टेरेसाने मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. त्याआधी सकाळी मी तिच्या घरी जाणार आहे, आणि तिला सांगून झाल्यावर तिने येऊ दिलं, तरच हॉलमध्ये जाईन. तेच मग सगळ्यांसमोर सांगेन.

तुम्ही माझ्या जागी असता तर फोन केला असता का, हे मला विचारायचं होतं. पण उत्तर पाठवू नका. मी पुन्हा केला असता, हे मला माहीत आहे, आणि तेच तिच्या तोंडावर कसं सांगू ते कळत नाही.

आईला सांभाळा.

घाबरलेली, पण उद्या जाणारच असलेली
तुमची दीक्षा