रोशाच्या दोन जुड्या

बागबाजार, कलकत्ता
१० ऑक्टोबर १९५४

चि. श्यामकांत यास,

मंदाताईचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे खुशाल. तू, प्रेमलता आणि तळोद्याची मंडळीही तशीच असाल असं धरून चालते. चार वर्षांत तुझं पत्र नाही, आणि त्याबद्दल तक्रार करायला मला तोंड नाही.

पूजा नुकतीच आटोपली. आमची सरला बंगाली मैत्रिणींत इतकी मिसळली आहे की ती आता पाणी पीत नाही, पाणी ‘खाते’. मराठ्यांच्या धास्तीनं या शहरानं खंदक खणला तो इथूनच. आता खंदक बुजला आणि मराठे भाडेकरू झाले, असं हे येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात. एकूण तब्येती उत्तम.

आता खरी बातमी. तू काढून आणलेल्या रोशा तेलाच्या बाटल्या ज्या रोशा गवतात बांधल्या होत्या ते मी टाकलं नव्हतं. इथल्या दमट हवेत पुस्तकांना कसर लागते, म्हणून कपाटात पुस्तकांमागे कोंबून ठेवलं होतं. दसऱ्याच्या भाषणासाठी एक जाडजूड ग्रंथ ओढला, तर त्यामागून एक मूठ खाली पडली. उचलताना चुरगळली गेली आणि खोलीभर गुलाबाचा वास सुटला. दुसरी मूठ काढून चुरगळली, तर आल्याचा उग्र वास. श्याम, गवत दिसायला एक आणि वास दोन! मी भाषण तिथंच सोडलं. सगळं कपाट रिकामं केलं, ग्रंथ जमिनीवर पसरले, आणि मूठ मूठ हुंगून दोन ढीग केले. हे म्हणाले, “लोक पुस्तकं वाचतात, तू त्यांच्या मागचं गवत वाचतेस.”

कॉलेजला सुट्टी होती. प्रयोगशाळेची किल्ली मागून आणली आणि दोन्ही ढीग वेगवेगळे उकळून वाफ थंड केली. चार वर्षांचं वाळकं गवत, तेल निघालं थेंब थेंब. गुलाबी वासाचं स्पिरिटमध्ये टाकलं, ते स्वच्छ विरघळलं. तो मोतिया रोशा. त्यात जिरॅनिऑल भरपूर, गुलाबाच्या तेलात असतं तेच. आल्याच्या वासाचं टाकलं आणि नळीत दूध झालं. हा त्याचा भाऊ, सोफिया. ओलसर जमिनीत वाढतो, त्याच्या तेलाची घडणच निराळी. टर्पेंटाइन घातलेलं तेल जसं गढुळतं, अगदी तसंच हेही गढुळलं. टर्पेंटाइनचा एक थेंबही नसताना. रिकाम्या प्रयोगशाळेत मी एकटीनं टाळ्या वाजवल्या. वाजवता वाजवता हात थांबले.

कारण हे तू मला सांगितलं होतंस. चार वर्षांपूर्वी, भाऊबीजेच्या आदल्या दिवशी, या घराच्या दारात. वरची टेकडी वणव्यात जळाली, म्हणून यंदा नाल्याकाठचं गवत कापलं, असं तू सांगत होतास. तुझं तेल स्पिरिटमध्ये गढुळलेलं मी पाहिलं होतं, मी म्हणाले, “श्याम, कारणं सांगू नकोस, नळी खोटं बोलत नाही.” नळी खरंच खोटं बोलली नव्हती. मी तिला अर्धाच प्रश्न विचारला होता.

दुसऱ्या दिवशी इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी संमेलनात मी भेसळीवर बोलले. स्वतंत्र देशात तेलात टर्पेंटाइन ओतणारा देशद्रोही आहे, मग तो माझा सख्खा भाऊ का असेना, असं म्हणाले. टाळ्या थांबेनात. तिसऱ्या रांगेतली एक खुर्ची रिकामी झालेली मी व्यासपीठावरून पाहिली, आणि पुढचं वाक्य आणखी चढ्या आवाजात बोलले. घरी आले तर तुझी वळकटी नव्हती. ओवाळणीचं ताट मात्र तयार होतं.

यंदा दसऱ्याला त्याच सभागृहात उभी राहिले. अध्यक्ष मनोहरपंतांकडून पाच मिनिटं मागितली होती, चाळीस घेतली. दोन्ही नळ्या घेऊन गेले होते, दोन्ही जुड्या रांगांतून फिरवल्या. हुंगताना लोकांचे चेहरे बघायला तू हवा होतास. माझा भाऊ निर्दोष आहे, दोषी व्यासपीठावर उभी आहे, असं म्हटलं, तर पुन्हा टाळ्या. हे परत येताना म्हणाले, “तुला काय, तू माफी मागतानाही सभा जिंकतेस.” मला ते लागलं, कारण खरं होतं. सभेत बोलणं मला कधीच जड गेलं नाही. या पत्राचे मात्र चार कागद फाडले.

भाऊबीज अठ्ठावीस तारखेला आहे. सध्या रोशा फुलावर असेल. येताना टेकडीची एक जुडी आणि नाल्याकाठची एक, वेगळ्या बांधून आण. ताट पुन्हा मांडते आहे. सभेत चाळीस मिनिटांत जे एकदाही नीट म्हटलं नाही, ते इथं लिहिते, फक्त तुझ्यासाठी.

श्याम, माझं चुकलं.

ताटाशी वाट पाहणारी,
तुझी ताई