तुझा आईवरचा जोक

मस्कत

चि. केतन,
ताईचा आशीर्वाद, यावेळी जरा हात आखडून.

मी बरी आहे. होस्टेलवर जेवण चांगलं मिळतं. फोनवर सुनावलं की तू कट करतोस, म्हणून लिहितेय.

तू सांगितलेली अ‍ॅनिमे बघितली. हिरो एक ठोसा मारायला अर्धा भाग ओरडतो. डोकं उठलं. पण त्याची आई पहिल्याच भागात मरते आणि तो शेवटपर्यंत तिच्यासाठी रडतो, तेवढं आवडलं.

मग तुझ्या कॉमेडी शोचा व्हिडिओ बघितला. तुझी आई जिवंत आहे. ती घरी आली की मागून गल्लीतली मांजरं येतात, असं सांगून तू हॉलला हसवलंस. जोक फालतू, तू त्याहून फालतू. केबिन रोडला बसून ती मासे विकते, म्हणून तू माईक धरून उभा आहेस.

शेजारच्या शकूने तो व्हिडिओ आईलाही दाखवला. आई तुला बोलली का काही?

काल तिचा व्हिडिओ कॉल आला. न्हाऊन, धुतलेली साडी नेसून बसली होती. मोबाइल लांब धरून तिने मला विचारलं, "विनी, माझा वास येतो काय गो?"

तुझी,
विनिताताई