काचेवरचा तीन

ता. २ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी पाटी बघून बाबा एकदा म्हणाले होते की हा मुलगा आरशाच्या पलीकडे बसून लिहितो. पुढे तू दुकानांच्या काचांवर आतल्या बाजूने उलटी अक्षरं रंगवून पोट भरायला लागलास, आणि ते वाक्य आपण हसण्यावारी नेलं. आता मला हसू येत नाही. माझी भिंगरी सहा वर्षांची झाली आणि तिचा तीन डावीकडे पोटं काढून उभा राहतो, अगदी सहासारखा.

बाई म्हणाल्या की या वयात पुष्कळ मुलांचं असं होतं, धीर धरा. धीर माझ्याकडे कधी होता? मी तिच्याकडून पानभर तीन गिरवून घेतले. पान संपलं आणि कार्टीने पेन्सिल खिडकीबाहेर फेकली. त्याला तीन आठवडे झाले. एक अक्षर लिहीत नाही. शाळा सुरू झाल्यावर काय करेल, या काळजीने मी अर्धी झाले आहे. (अर्धी झाले तरी मी पुष्कळ उरते, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणते.)

रविवारी तिला तुझ्याकडे पाठवते. वहीचं नाव काढू नकोस. वहिनीला नमस्कार. माया आहे तशीच असू दे.

तुझी धाकटी

ता. ११ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझी लेक मजेत आहे. मी तिच्या हातात रुंद ब्रश आणि पाण्याचा डबा दिला आणि मागच्या अंगणातल्या फरशीवर सोडली. खडूचा ठिपका असेल तिथून निघायचं. उजव्या अंगठ्याच्या नखावर हिरवा रंग लावलाय. तीनाची दोन्ही पोटं हिरव्याकडे. काढताना मोठ्याने म्हणायचं की पोट, कंबर, पोट, शेपूट. चुकलं तर मी काही बोलत नाही. ऊन दोन मिनिटांत पुसून टाकतं. तुझी वहिनी म्हणते की लग्नानंतर इतकी स्वच्छ फरशी ती पहिल्यांदाच बघते आहे.

काल दहातले चार उलटे आले. पण लिहिते आहे गं.

दादा

ता. १९ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच कळवतो. दातांच्या डॉक्टरांच्या दाराच्या काचेवर वेळ रंगवायची होती, ३ ते ७. भिंगरीने तीन मागून घेतला. मी स्टूल धरलं. तिने श्वास रोखला, पोट, कंबर, पोट, शेपूट, आणि असा देखणा तीन काढला की मी टाळ्या वाजवल्या, डबे गोळा केले आणि तिला खांद्यावर घेऊन घरी आलो.

बावीस वर्षांत रस्त्यावर जाऊन बघितल्याशिवाय मी रंगाचा डबा बंद केलेला नाही. त्या दिवशी केला. आतून सुलटा काढलेला तीन बाहेरून सहा दिसतो, हे जगात एका माणसाला तरी कळायला हवं होतं, आणि तो टाळ्या वाजवत होता! दुसऱ्या दिवशी डॉक्टर तीन तास रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसले आणि सहाच्या ठोक्याला सगळे रोगी गाल धरून एकदम दारात. त्यांनी मला जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. शनिवारी पुसून पुन्हा काढायचा आहे.

भिंगरी उद्या पोहोचेल. तिला हे माहीत नाही. तूच सांग, माझी हिंमत होत नाही.

दादा

ता. २२ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सांगितलं. रडेल, पुन्हा पेन्सिल टाकेल, म्हणून माझा जीव मुठीत. तिने विचारलं की सगळे खरंच एकदम आले का. हो म्हटल्यावर उचकी लागेपर्यंत हसली. आणि मग, दादा, तिने स्वतःहून कागद मागितला. तिच्या खांद्यावरून डोकावायचं नाही म्हणून मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, जणू शिक्षा मलाच झाली होती. झालीच असेल.

तिची चिठ्ठी सोबत आहे. दोन अक्षरं उलटी आहेत. माझा हात शिवशिवला, पण दुरुस्त केलेली नाहीत. तिचं म्हणणं असं की तीन पुसू नका. आत बसलेल्यांना तो बरोबर दिसतो, आणि ज्याचा दात दुखतो त्याने बाहेर उभं राहायचंच कशाला.

डॉक्टर नाही म्हणणार. त्यांच्या आधी तू म्हणशील, कारण काचेच्या कोपऱ्यात तुझी सही असते. तरी शनिवारी पुसायच्या आधी त्यांना एकदा विचारशील का?

तुझी धाकटी