ठकूच्या बाळंतपणाची शास्त्रशुद्ध तयारी

३ मार्च
नोव्हेंबरनंतर इथे एक ओळही लिहिलेली नाही. त्याबद्दल स्वतःची मनापासून माफी मागतो. कारण आळस नव्हे. (आळस तर नव्हे ना, असं स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. नव्हे.) लिहायचं तर घरात काही घडावं लागतं, आणि आमच्या घरात स्वयंपाक आणि त्याबद्दलची चर्चा एवढंच घडतं.

आता घडलं आहे. आमची कुत्री ठकू गाभण आहे. सासूबाई म्हणतात, तिला दिवस गेलेत. जणू माहेरी आलेली लेकच. बाप समोरच्या टोपीवाल्याचा कुत्रा. जो माणूस घरातसुद्धा टोपी काढत नाही आणि फाटक कधी लावत नाही, त्याच्या कुत्र्याला काय वळण असणार? मी तेव्हाच त्याला फाटकाबद्दल चार शब्द सुनावले. तेव्हापासून बोलणं बंद. बायकोचं मात्र चालू आहे.

संकल्प: बाळंतपण घरीच. माझ्या देखरेखीखाली.

५ मार्च
ठकूला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी पोटाचा एक्स-रे काढला. चार पिल्लं. त्यातल्या एकाचं डोकं मोठं आहे आणि तेच वाटेवर पुढे आहे. ते अडकलं तर ठकूचंही काही खरं नाही, म्हणून दवाखान्यातच आणा म्हणाल्या. बायको लगेच हो म्हणाली. मी नाही म्हणालो. बायकोचा चेहरा उतरला. ठकू तिची. या घरात कुणाच्या पानाआधी काही वाढलं जात असेल तर ठकूच्या भांड्यात.

शेवटी बाई एका अटीवर तयार झाल्या. रोज सकाळ-संध्याकाळ ठकूचा ताप मोजायचा. नव्याण्णवच्या खाली उतरला की तडक फोन, मग त्या घरी येतील. वर असंही म्हणाल्या, की तो एकदा उतरतो आणि परत चढतो, चढला म्हणून गाफील राहू नका.

मी त्यांना शांतपणे सांगितलं, की आमच्या कंपनीत मी ज्या खात्यात आहे तिथे इतरांची थर्मामीटरं बरोबर आहेत की नाहीत हे ठरवलं जातं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बायकोला विचारलं, "तुमच्या लक्षात राहील ना?"

निघताना त्यांचं भिंतीवरचं घड्याळ मागे असल्याचं दाखवून दिलं. आभार मानले नाहीत.

८ मार्च
पेटी तयार. प्लायवूड, कोपऱ्यांना पट्ट्या, आत रबरी चटई. माझ्या अभ्यासाच्या खोलीत बसवली. सुताराला बोलावू या असं बायको म्हणाली होती. सुतार लोक अंदाजाने कापतात.

वारा लागू नये म्हणून तीन बाजू माझ्या छातीएवढ्या उंच केल्या. चौथ्या बाजूला ठकूपुरतं दार. सासूबाई काठी टेकत येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "ती आत जाईल हो. पण वेळ आली तर आपला हात कुठून जायचा?"

हात घालायचा प्रसंग येणार नाही अशीच रचना असते, हे त्यांना समजावलं. त्यांनी मान हलवली. वयोमानाने त्यांची मान हलतेच, त्यामुळे होकार की नकार ते कळलं नाही. होकार धरला.

११ मार्च
रंगीत तालीम. आमच्या कंपनीत आगीची होते तशी. पिल्लू म्हणून एका पायमोज्यात तांदूळ भरले आणि तो ठकूच्या जागी घेतलेल्या कोमट पाण्याच्या पिशवीखाली ठेवला. बायको मदतनीस. सासूबाईंना टॉवेल देण्याचं काम होतं, पण त्या हसत सुटल्या आणि निरुपयोगी ठरल्या. मोजा व्यवस्थित बाहेर काढला, पुसला, वजन केलं. ठकू दारात बसून बघत होती. मी वजन लिहायला वळलो तेवढ्यात तिने मोजा पळवला आणि सोफ्याखाली नेऊन फाडला. खोलीभर तांदूळ.

तालमीतून शिकायचं असतं. शिकलो: ठकूला शिस्त नाही.

ताप मोजणे रोज चालू. सकाळी बायको, संध्याकाळी मी. माझे आकडे जास्त स्थिर आहेत.

१४ मार्च, सकाळ
बायको थर्मामीटर हातात धरून धावत आली. पारा अठ्ठ्याण्णवच्या जरासाच वर. तिने फोन हातात घेतलासुद्धा. मी काढून घेतला.

मी म्हणालो, "एखादा आकडा बाकीच्यांपासून इतका लांब पडला, की आधी यंत्र तपासायचं. मग माणूस. मग आकडा."

"आणि ठकू?"

"ठकू सगळ्यात शेवटी."

हे वाक्य ऐकायला कठोर आहे, याची मला जाणीव आहे. पण पद्धत म्हणजे पद्धत. गेले सगळे दिवस आकडे एका ओळीत चाललेत, आणि मध्येच एक पायरी सोडून खाली पडतो. आमच्या खात्यात अशा आकड्याला एकच जागा असते, ती म्हणजे कचऱ्याची टोपली. यंत्र तपासलं, ठीक आहे. म्हणजे चूक माणसाची. बायकोचा हात सकाळी गार असतो, आणि ती घाई करते. तिला मोजणीच्या कामातून मोकळं केलं.

स्वतःला विचारलं, की हे बोलताना माझ्या मनात बायकोबद्दल काही आकस तर नाही? नाही. असता तर तिला मी हे हळू आवाजात सांगितलं नसतं.

१४ मार्च, संध्याकाळ
मी स्वतः मोजला. नेहमीसारखा, शंभराच्या वर. म्हणजे सकाळचा आकडा चूक, हे सिद्ध झालं. बायकोला दाखवला. तिला आनंद होईल असं वाटलं होतं.

ती म्हणाली, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं, उतरून परत चढतो. मी म्हणालो, उतरला तरी पुरावा आणि चढला तरी पुरावा, असं विधान विज्ञानात चालत नाही, ते ज्योतिषात चालतं. तरी फोन करून विचारायला काय जातं, असं तिचं म्हणणं. माझं म्हणणं: एकदा विचारलं की त्या येणार, आल्या की दवाखान्यात नेणार, आणि मग ही सगळी तयारी कशासाठी केली?

ती ठकूचं भांडं उचलून आत गेली. पटलं असावं.

१५ मार्च, सकाळ
ठकू जेवली नाही. धापा टाकते आहे, पेटीतली चटई नखांनी ओरबाडते आहे. सासूबाई म्हणाल्या, आज सुटका होणार तिची. बायकोने रजा टाकली. मला विचारलं, थांबतोस का. मी दिवसांचा आणि तापाचा माझा तक्ता पुढे ठेवला. तक्त्याप्रमाणे अजून आठवडाभर अवकाश आहे. या खोट्या कळा.

आज ऑफिसात माझं सादरीकरण आहे, ते टाळणं शक्य नाही. गाडी मी नेतो आहे. जाताना सूचना दिल्या: ठकूला एकटं सोडू नये, पेटी हलवू नये, आणि टोपीवाल्याला कुठल्याही सबबीखाली आत घेऊ नये.

माझं चुकत तर नाही ना? विचारलं. तक्ता पुन्हा पाहिला. नाही.

१५ मार्च, दुपार, ऑफिस
सादरीकरण उत्तम. विषय: बाजूला पडलेले आकडे कधी गाळावेत. साहेबांनी मध्येच विचारलं, एखादा तसा आकडा खरा असला तर? प्रश्न बालिश होता, पण साहेबांचा होता, म्हणून हसून उत्तर दिलं. उत्तर काय दिलं ते आता आठवत नाही.

बाहेर आलो तर बायकोचे फोनवर फोन येऊन गेलेले. लावला. पाणी केव्हाच गेलंय. हिरवट काहीतरी येतंय. ठकू जोर करून करून थकली, बाहेर काही येत नाही. डॉक्टरीणबाईंची गाडी बंद पडली आहे, रिक्षा मिळत नाही. मी सांगितलं, की घाबरू नकोस, मी निघतो, आणि मी पोचेपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

पलीकडून ठकूचा आवाज येत होता. असला आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

बायको म्हणाली, "तू ये नाहीतर नको येऊस." आणि फोन ठेवला.

या घरात संकटाच्या वेळी कुणी डोकं थंड ठेवत नाही. निघतो आहे. किल्ली सापडत नव्हती. खिशातच होती.

१५ मार्च, संध्याकाळ
रस्ता खणून ठेवलेला. चार माणसं एका खड्ड्याकडे बघत उभी, पाचवा फावड्याला टेकून. देश असाच चालतो.

दारात टोपीवाल्याच्या चपला. म्हणजे सूचना पाळली गेली नाही. तोच आपल्या गाडीतून डॉक्टरीणबाईंना घेऊन आला होता. अभ्यासाच्या खोलीत गेलो तर पेटीची एक अख्खी बाजू उखडून भिंतीला लावलेली. पट्ट्या वाकलेल्या, प्लायवूड चिरलेलं. बाई गुडघ्यांवर बसून आत वाकलेल्या, बायको ठकूचं डोकं मांडीवर घेऊन, आणि तो टोपीवाला टॉवेल हातात घेऊन उभा.

मी विचारलं, हे कुणी तोडलं.

बायको ठकूच्या कानामागे हात फिरवत राहिली. पुन्हा विचारलं. टोपीवाला म्हणाला, लाथ मारली मी, बाईंचा हात पोचत नव्हता. म्हणालो, एक बाजू स्क्रूने बसवलेली होती, पद्धतशीर काढता आली असती. बाई मान वर न करता म्हणाल्या, "उजेडातून बाजूला व्हा."

बाजूला झालो. तेव्हा सासूबाई दिसल्या. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून त्या मांडीवरच्या टॉवेलमध्ये काहीतरी चोळत होत्या. मोठ्या डोक्याचं, तांबूस रंगाचं. पहिलं. चोळायच्या, फुंकर घालायच्या, पुन्हा चोळायच्या. मी प्लायवूडबद्दल बोलत होतो तेव्हाही त्या चोळतच असणार. मग बाईंनी त्यांच्याकडे पाहून मान हलवली आणि त्या थांबल्या. टॉवेलचं टोक त्यांनी त्याच्या तोंडावरून ओढलं.

त्यानंतर तीन झाली. तिन्ही जिवंत, तिन्ही ओरडणारी. शेवटचं तर टोपीवाल्याच्या हातात आलं. त्याने टोपी काढली होती. डोक्यावर बऱ्यापैकी केस आहेत.

ठकू वाचली. बाईंनी हात धुतले आणि पुढच्या सगळ्या सूचना बायकोला दिल्या. मी शेजारीच उभा होतो, कागद-पेन घेऊन. जाताना त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. व्यावसायिक सौजन्य हल्ली दुर्मीळ झालं आहे.

१६ मार्च, सकाळ
माझ्यावर ठपका येणार, हे गृहीत धरून उत्तर तयार ठेवलं आहे. एक, डोकं मोठं होतं, हे आधीच माहीत होतं. दोन, सकाळच्या आकड्यावर कुणाही जाणत्याने शंका घेतली असती. तीन, डॉक्टरीणबाईंची गाडी बंद पडली, त्याला मी काय करणार? चार, एकंदर निकाल पाहिला तर चारांपैकी तीन, म्हणजे पंच्याहत्तर टक्के, आणि आमच्या खात्यात पंच्याहत्तर टक्क्यांना

पुढचं वाक्य नंतर पुरं करीन.

चहाच्या वेळी वाट पाहिली. कुणी काही विचारलं नाही. बायकोने साखर विचारली. आंघोळीनंतर मी मुद्दाम स्वयंपाकघरात रेंगाळलो. सासूबाई म्हणाल्या, जरा सरका. शेवटी मीच बायकोला म्हणालो, की तुला काही विचारायचं असेल तर विचार. ती म्हणाली, कशाबद्दल? आणि ठकूची पेज ढवळत राहिली.

ठकूला बघायला गेलो. गुरगुरली असती तर एक वेळ समजलं असतं. तिने मान उचलून बघितलं, तिन्ही पिल्लं तोंडाने एकेक करून माझ्यापासून लांबच्या कडेला नेली आणि पाठ फिरवून पडली.

थोड्या वेळाने टोपीवाला आला. त्याने खाली बसून तिची मान खाजवली. तिने त्याचा हात चाटला. कुत्र्यांना माणसाची पारख असते, हे लोकांचं म्हणणं मला कधीच पटलेलं नाही.

ताप मोजायचा राहिला. बायकोने मोजला. तिला आकडा विचारला. "ठीक आहे," एवढंच म्हणाली.

१६ मार्च, संध्याकाळ
टॉवेलमधलं ते कुठेतरी ठेवणं भाग होतं. मागच्या कुंपणापाशी जागा मी निवडली. खड्डाही मीच खणला. टोपीवाला कुदळ घेऊन मदतीला आला, त्याला नको म्हणालो. दगड फार लागले. हाताला फोड आले. पुरेसा झाला असं ठरवलं.

बायकोने टॉवेलसकट खाली ठेवलं. मला बोलायची हीच वेळ वाटली. म्हणालो, डोकंच एवढं होतं, की काही केलं असतं तरी वाचलं नसतं.

ती म्हणाली, "असेल."

माझी चारही उत्तरं तयार होती. भांडणावर होती, रडण्यावर होती, डॉक्टरीणबाईंचं नाव मध्ये आलं तर त्यावर होती. यावर एकही नव्हतं. मी उगाच म्हणालो, "असेल म्हणजे?" ती हात झटकून आत गेली. ठकूची पेज उतू जात होती.

माती लोटली. सासूबाई काठी टेकत आल्या. काठीचं टोक मातीत घातलं, ते लगेच कशाला तरी टेकलं.

म्हणाल्या, "एवढ्याने नाही भागायचं. फिरायला लागली की ठकू वासावर येऊन उकरून काढेल. आईच ती."

मी म्हणालो, शक्यता कमी आहे. त्यांनी वाद घातला नाही. काठी पुसली आणि गेल्या. तिथेच उभा राहिलो. खोलीच्या खिडकीतून ठकू दिसत होती. तिघं तिला लुचत होती, आणि ती मान वर करून बाहेर, कुंपणाच्या बाजूला बघत होती.

उद्या: खड्डा अजून खोल करणे.